बिनमातीचा हिरवा चारा : घरच्या घरी, बांबूच्या मांडणीवर



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते मातीशिवाय उगवणाऱ्या चाऱ्याबद्दल. मी काही शास्त्रज्ञ नाही. तुमच्यासारखाच कोरडवाहू शेतकरी आहे. दावणीला दोन गाई आहेत. जे शिकलो ते वाचून, विचारून आणि थोडं नुकसान सोसून शिकलो. ते नुकसानही आज सांगणार आहे, म्हणजे तुमचं टळेल.

उन्हाळ्यातली गोठ्याची गत तुम्हाला सांगायला नको. होळी झाली की विहिरीनं तळ गाठला, लसूणघास वाळला, आणि गाईपुढं उरला नुसता कडबा. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला. २०१३ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात माणदेशात आणि मराठवाड्यात चारा छावण्या पडल्या, त्या आपणच पाहिल्या. घरदार सोडून माणसं जनावरांबरोबर छावणीत राहिली. अशा वेळी दोन घागरी पाण्यात रोज मूठभर हिरवं मिळालं, तरी गाईच्या तोंडाला चव येते आणि दूध अगदीच आटत नाही. त्या मूठभर हिरव्याची ही गोष्ट आहे.

हे नवं काही नाही

मातीशिवाय पाण्यावर पीक घेण्याला इंग्रजीत हायड्रोपोनिक्स म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकांनी १९३७ साली हा शब्द रूढ केला. आपल्या देशात १९४० नंतरच्या दशकात शोल्टो डग्लस यांनी बंगालमधल्या कालिंपाँगला साध्या, स्वस्त साहित्यात असे प्रयोग केले.

पण माझ्या माउलींनो, तुम्ही हे त्याच्या किती तरी आधीपासून करीत आला आहात. मटकीला मोड कसे आणता? रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची. मक्याचा चारा म्हणजे तेच, फक्त आठवडाभर पुढं न्यायचं. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो, ते नऊ दिवसांत वीतभर वाढतं. देवघरात उजेड कमी म्हणून ते पिवळं राहतं. तेच उजेडात ठेवलं असतं तर हिरवंगार झालं असतं. एवढं ध्यानात घेतलंत, तर निम्मी विद्या तुमच्याजवळ आहेच.

कुणी विचारेल, मातीशिवाय ते खातं काय? दाणा आपली शिदोरी बरोबर घेऊनच जन्माला येतो. मक्याच्या दाण्यातला पिठूळ भाग म्हणजे कोंबाची शिदोरी. ती सात-आठ दिवस पुरते. म्हणून या चाऱ्याला खत लागत नाही. पाण्यावर भाजीपाला घ्यायचा तर त्यात खतं विरघळवावी लागतात, कारण ते पीक महिना-दीड महिना उभं राहतं. आपल्या चाऱ्याला नुसतं स्वच्छ पाणी पुरे. पाण्यात युरिया टाकण्याचा मोह मुळीच धरू नका. जनावराच्या जिवावर बेतेल.

आधी खरा हिशेब

काही विक्रेते सांगत येतात, ‘एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो, कडबा विसरा.’ पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी नाही.

आमच्या शेजारचे तात्या मला म्हणाले, “अरे, किलोचा पाच किलो होतोय, मग वैरण विकत घ्यायची कशाला?”

मी म्हटलं, “तात्या, त्यातलं सव्वाचार किलो पाणीच आहे.”

हिशेब असा आहे. एक किलो मक्यात पाण्याचा अंश काढून टाकला तर ९०० ग्रॅमच्या आसपास कोरडा माल असतो. त्यापासून झालेल्या पाच किलो चाऱ्यात कोरडा माल साधारण ७५० ग्रॅम निघतो. म्हणजे माल वाढला नाही, थोडा घटलाच. कोंब वाढताना दाण्यातली शिदोरी खर्च होते, ती ही घट. मग फायदा कशात? दाणा फुटल्यावर तो पचायला हलका होतो, त्यात हिरव्या पाल्यातली जीवनसत्त्वं येतात, आणि जनावर आवडीनं खातं. कोरड्या कडब्याबरोबर हा चारा मिसळला, की कडबाही गव्हाणीत उरत नाही.

चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला १० ते १२ किलो कोरडा माल पोटात जावा लागतो. दहा किलो बिनमातीच्या चाऱ्यातून तो मिळतो फक्त दीड किलो. तेव्हा कडबा, भुसकट, पेंड यांना सुटी नाही. ज्याच्याकडे पाणी आहे आणि बारमाही लसूणघास किंवा गजराज गवत उभं आहे, त्यानं या भानगडीत पडू नये. शेतातला चारा केव्हाही स्वस्त. ज्याच्याकडे जमीन थोडी, पाणी तुटपुंजं, आणि दावणीला एक-दोन दुभती जनावरं आहेत, त्याच्यासाठी ही युक्ती आहे.

जुन्या गोव्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे. तिथं या चाऱ्यावर पुष्कळ काम झालं. हा चारा दिलेल्या गाईंचं दूध ८ ते १३ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं त्यांच्या लिखाणात आहे. चाऱ्याच्या खर्चातला ८५ ते ९० टक्के भाग एकट्या बियाण्याचा असतो, हेही त्यांनीच दाखवून दिलं. ही दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. खर्च जर बियाण्यातच आहे, तर लाखो रुपयांचं यंत्र घेऊन उरलेल्या दहा-पंधरा टक्क्यांत काय वाचणार? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी हे ओळखलं आणि स्वस्तात घरगुती मांडण्या उभ्या केल्या.

मांडणी कशी करायची

दोन गाईंना प्रत्येकी पाच किलो, म्हणजे रोज दहा किलो चारा काढायचा असं धरू. त्याला रोज दोन किलो मका लागेल. साहित्य असं :

१. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन-तीन इंच खोल असे प्लॅस्टिकचे १६ ट्रे. एका ट्रेमध्ये एक किलो मका. रोज दोन ट्रे भरायचे, चारा सात दिवस ट्रेमध्ये राहायचा, म्हणजे चौदा झाले. उरलेले दोन धुवून उन्हात वाळत राहतील.

२. मांडणीसाठी बांबू किंवा घरातले जुने वासे, आणि बांधायला काथ्या किंवा तार. मांडणी साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार मजली. एका मजल्यावर चार ट्रे बसतात. पहिला मजला जमिनीपासून एक फूट वर घ्या, म्हणजे उंदीर आणि कोंबड्यांचा त्रास कमी. दोन मजल्यांत सव्वा फूट अंतर ठेवा. सगळ्यात वरचा मजला पावणेपाच फुटांवर येईल. घरातल्या बायामाणसांचा हात तिथं सहज पोचतो.

३. सावलीसाठी शेडनेट. नसेल तर पोती किंवा जुनी लुगडी चालतील. कडक ऊन नको, पण अंधारही नको. गोठ्याच्या उत्तरेकडची पडवी उत्तम.

४. पाणी शिंपडायला बारीक छिद्रांची झारी, नाही तर पाठीवरचा फवारणी पंप. पंप नवा आणि फक्त याच कामाचा पाहिजे. ज्या पंपानं कधी एकदाही कीटकनाशक मारलं असेल, तो कितीही धुतला तरी इथं वापरू नका.

ट्रेच्या एका कडेला तापल्या खिळ्यानं सात-आठ छिद्रं पाडा. मांडणीला त्या बाजूनं इंचभर उतार द्या. पाणी ट्रेमध्ये साचता कामा नये. ओलावा हवा, पाणी नको. खाली गळणारं पाणी पन्हळीनं किंवा बादलीत धरा आणि परसातल्या अळूला, केळीला घाला.

बियाणं कसं निवडायचं

बियाणं म्हणजे आपला घरचा खाण्याचा मका. पिशवीतलं बियाणं, ज्याला गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग लावलेला असतो, ते औषध चोळलेलं असतं. ते पेरणीसाठी आहे, गाईच्या पोटासाठी नाही. धुऊन रंग गेला तरी विष गेलं असं समजू नका. साठवणीत कीडनाशक भुकटी मिसळलेलं धान्यही बाद.

ज्वारीचा चारा या पद्धतीनं करू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर कसं फुगून, तडफडून पडतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य असतं. मका, गहू किंवा सातू घ्या. नवशिक्यानं मक्यापासूनच सुरुवात करावी.

पोतं विकत घेण्याआधी त्याची उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि चार दिवसांनी उघडून पाहा. ८५ किंवा जास्त दाणे फुटले तर माल चांगला. ७० फुटले, तर न फुटलेले तीस दाणे ट्रेमध्ये कुजणार आणि बुरशीला आमंत्रण देणार. तो मका भरडून घाला, चाऱ्याला नको.

सोमवार ते बुधवार

समजा आज सोमवार आहे.

सोमवारी संध्याकाळी दोन किलो मका निवडून घ्या. फुटका, किडका दाणा बाजूला काढा. तीन पाण्यांनी धुवा. जे वर तरंगेल ते काढून टाका. मग भरपूर पाण्यात रात्रभर, बारा तास, भिजत घाला.

मंगळवारी सकाळी पाणी ओतून टाका. दाणे निथळून स्वच्छ, ओल्या गोणपाटात बांधा आणि सावलीत ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा गोणपाटावर पाणी शिंपडा. थंडीच्या दिवसांत इथं एक दिवस जास्त लागतो.

बुधवारी सकाळी गोणपाट उघडलं की पांढरी टोकं दिसतील. आता दाणे दोन ट्रेमध्ये सारखे पसरा. थर अर्ध्या इंचाच्या आतच पाहिजे. लोभानं जाड थर दिलात तर मधला दाणा गरम होऊन नासतो.

तिथून सात दिवस ट्रे हलवायचा नाही, दाणे चिवडायचे नाहीत. दिवसा दर दोन तासांनी हलकं पाणी शिंपडायचं. रात्री निजण्यापूर्वी एकदा. एप्रिल-मे महिन्यात भोवतीची पोती ओली ठेवा आणि दुपारी एक-दोन फेऱ्या जास्त मारा. या चाऱ्याला २० ते २८ अंश तापमान मानवतं. चाळिशीच्या उन्हात गारवा आपणच करून द्यायचा. रोज दहा किलो चाऱ्याला एकंदर २० ते ३० लिटर पाणी लागतं. एक दुभती गाय उन्हाळ्यात यापेक्षा जास्त पाणी पिते.

नवे ट्रे नेहमी वरच्या मजल्यावर ठेवा, वाढते खाली आणा. ट्रे खाली आणताना तो तसाच उचला, आतला थर मोडू नका. जुन्या ट्रेचं पाणी नव्यावर पडू नये, हे त्यातलं मर्म. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळ्या एकमेकींत गुंततात. पुढच्या बुधवारी आठ-दहा इंच उंच हिरवा चारा तयार होतो. तो गोधडीसारखा अखंड उचलता येतो. मूळ, दाणा, पाला, सगळंच गाईला घालायचं. टाकायचं काहीच नाही.

रिकामा ट्रे घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन, पुन्हा साध्या पाण्यानं खळबळून दिवसभर कडक उन्हात ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे. पण सगळं यश यावर आहे.

माझी चूक

आता माझं नुकसान सांगतो. पहिला उन्हाळा चांगला गेला. मृग लागला, हवा दमट झाली, आणि मी ट्रे उन्हात वाळवणं सोडून दिलं. एक दिवस दोन ट्रेमध्ये कडेला करडे-काळे ठिपके दिसले. आई गोठ्यात आली, वास घेतला आणि म्हणाली, “बाळा, याला उबट वास येतोय. हे गुराला घालू नको.”

मी म्हटलं, “आई, दोन किलो मका आहे त्यात. वरचं काढून घालतो.”

आणि घातला. दुसऱ्या दिवशी कपिला गाय चाऱ्याला तोंड लावीना. शेण पातळ झालं. पशुवैद्य आले, औषधपाणी झालं. गाय वाचली, पण आठ-दहा दिवस दूध निम्म्यावर आलं. पन्नास-साठ रुपयांचा मका वाचवायला गेलो आणि हजारात गेलो. पण खरी लाज पैशांची वाटली नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं माझी झोप उडाली. काही बुरशींचं विष गाईच्या दुधात उतरतं. ते दूध माझी नातवंडं पीत होती. गाभण जनावर असतं, तर गाभडण्याचीही भीती असते.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला. चारा गोठ्यात जाण्याआधी आईच्या नाकाखालून जातो.

बुरशी ओळखायची कशी? कोवळ्या मुळ्यांवरही बारीक पांढरी लव असते. ती पाहून घाबरू नका. पाणी शिंपडलं की ती मुळीला चिकटून बसते, आणि वास ताज्या कणसासारखा येतो. बुरशी कापसाच्या जाळीसारखी दाण्यांवर पसरते, पुढं करडी, हिरवी, काळी होते, आणि वास आंबट-उबट येतो. कोपऱ्यात दिसली तरी पूर्ण ट्रे बाद. वरचं काढून खालचं घालू नका, कारण बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. तो चारा गोठ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. पावसाळ्यात बुरशी आवरत नसेल तर दोन महिने मांडणी बंद ठेवा. तेव्हा बांधाला गवत असतंच.

खाऊ कसं घालायचं

पहिल्याच दिवशी दहा किलो पुढं टाकू नका. एक किलोपासून सुरुवात करा आणि आठवड्यात पाच किलोवर या. मोठ्या दुभत्या जनावराला दिवसाला पाच ते दहा किलो पुरे. चारा हातानं तोडून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून घाला. तयार झालेला चारा साठवून ठेवू नका, त्याच दिवशी संपवा. आणि गाईचा खुराक एकदम कमी करू नका. दूध पाहत पाहत, थोडा थोडा करून बघा.

भिंतीवर एक वही टांगा. तिच्यात रोज तीन आकडे लिहा : मका किती भिजवला, चारा किती निघाला, दूध किती आलं. मका २५ रुपये किलो धरला आणि किलोला पाच किलो चारा निघाला, तर चारा बियाण्यातच पाच रुपये किलो पडला. चारच किलो निघाला तर सव्वासहा रुपये. महिन्याला दोन किलोप्रमाणे ६० किलो मका, म्हणजे दीड हजार रुपये. तेवढं दूध वाढलं का, की तेवढा खुराक वाचला? महिन्यानं वही तुम्हाला खरं सांगेल. वहीनं ‘नाही’ म्हटलं तर मांडणी मोडा, ट्रे ठेवून द्या आणि टंचाईच्या महिन्यांपुरते काढा. त्यात कमीपणा नाही. मका घरचा असेल तर हिशेब पुष्कळ सोपा होतो. म्हणून खरिपात दोन गुंठे मका चाऱ्याच्या बियाण्यासाठी राखा.

आणखी एक. सोळा ट्रे एकदम आणू नका. या आठवड्यात एक ट्रे, एक किलो मका, एवढंच करा. तो साधला की चार, मग सोळा.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. रंग किंवा औषध लावलेलं बियाणं नको. ज्वारी नको.
२. आधी शंभर दाण्यांची उगवण पाहा.
३. थर अर्ध्या इंचाच्या आत. ओलावा हवा, पाणी साचायला नको.
४. कीटकनाशकाचा पंप नको. पाण्यात खत नको.
५. प्रत्येक वेळी ट्रे धुवून उन्हात वाळवा.
६. बुरशी दिसली की पूर्ण ट्रे पुरून टाका.
७. हा चारा कडब्याच्या जोडीला आहे, कडब्याच्या जागी नाही.
८. रोजचा हिशेब वहीत लिहा.

बंधूंनो आणि भगिनींनो, दुष्काळ आपल्या हातात नाही. पण पडवीतली सहा फुटांची जागा, दोन घागरी पाणी आणि रोजची तासभर मेहनत आपल्या हातात आहे. तेवढ्यावर दावणीच्या जनावराला वैशाखातही हिरवं दाखवता येतं. करून पाहा, आणि काय अनुभव आला ते शेजाऱ्यालाही सांगा. चुकलं असेल तर ते आधी सांगा.

रामराम.